लढवय्यांचं बारसं

अध्यक्षमहोदय, व्याख्यानमालेचे संयोजक, बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून आलेले श्रोतेहो आणि शेवटच्या रांगांत बसलेल्या विद्यार्थी मित्रांनो,

विद्यार्थ्यांचा उल्लेख मी मुद्दाम वेगळा केला. आजचा विषय मुळात त्यांचा आहे. स्मृतिव्याख्यानाला येणारा श्रोता सहसा एखाद्या थोर विषयाची अपेक्षा ठेवून येतो, आणि इथे तर खेळाविषयी बोलायचं आहे. पण थोडा धीर धरा. हा खेळ आपल्याला फिरवून पुन्हा आपल्याच नदीकाठी आणणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे गोष्टीतलं एकेक पात्र होतात, फासे टाकतात, लढतात, हरतात, जिंकतात. इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा असा पहिला छापील खेळ बाजारात आला. पुढे तो कॉम्प्युटरवर गेला, मग मोबाइलवर आला. या खेळांत कल्पनेतल्या जमाती असतात, आणि त्यांत एक तरी जमात लढवय्यांची असतेच. खेळणाऱ्याला पहिलं काम असतं आपल्या पात्राचं नाव ठेवण्याचं. गाडी अडते ती तिथेच.

मग पोरं काय करतात? घसा खरवडतात. थ्राक, ग्रुम, क्रोग्नार! दोन जोडाक्षरं, शेवटी एक धक्का, झाला योद्धा तयार. नाव जितकं कर्कश, तितका माणूस शूर, असा हिशेब. मी विचारतो, जगातल्या कुठल्या खऱ्या लढाऊ समाजानं आपल्या मुलांची नावं अशी ठेवली? ज्यांनी खरोखर तलवार चालवली, रक्त सांडलं, गढ्या बांधल्या, त्यांची नावं कशी झाली?

याचं उत्तर शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. कऱ्हा, नीरा आणि भीमा या तीन नद्यांच्या मधला हा पट्टा पुरेसा आहे. माझं म्हणणं एका वाक्यात आधीच सांगून टाकतो: लढवय्याचं नाव ऋणातून घडतं. तो कोणाचं देणं लागतो, हे त्याच्या नावात लिहिलेलं असतं. देवाचं देणं, गावाचं देणं, धन्याचं देणं, आणि कधी कधी एखाद्या परक्या घराचंही देणं. या क्रमानंच बोलतो.

पहिला मुद्दा देवाचा.

इंदापूरचं नाव मराठ्यांच्या इतिहासात पहिल्यांदा ठळकपणे येतं ते मालोजीराजे भोसल्यांमुळे. वेरूळच्या पाटलाचा हा मुलगा निजामशाहीत चढत गेला, पुणे आणि सुपे या परगण्यांची जहागीर त्याच्याकडे आली, आणि सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात इंदापूरच्या लढाईत तो पडला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, म्हणजे जहागीर एका तालुक्यात आणि मरण शेजारच्या तालुक्यात. या मालोजींना बरीच वर्षं मूल नव्हतं. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात ती हकीकत येते. नगरच्या शाह शरीफ पिराला नवस बोलला, दोन मुलं झाली, आणि एकाचं नाव ठेवलं शहाजी, दुसऱ्याचं शरीफजी. पिराच्या नावाचे दोन तुकडे केले आणि दोन्ही पाळण्यांत वाटून दिले.

ज्या घराण्यातून छत्रपती आले, त्या घराण्यातल्या दोन सेनानींच्या नावांवर नवसाचा शिक्का आहे, आणि तो नवस एका पिराचा आहे. आज कोणाला हे अवघड वाटलं तर वाटो. ज्यांनी नावं ठेवली त्यांना त्यात काही अवघड वाटलं नव्हतं. त्यांच्या लेखी हिशेब सरळ होता. मागितलं, मिळालं, नाव देऊन फेड केली. त्यातले शरीफजी १६२४ साली नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत कामी आले. शहाजीराजांचं पुढचं चरित्र तुम्हाला मी सांगायला नको.

आता मालोजींचे भाऊ विठोजी. त्यांना आठ मुलगे. त्यांतली काही नावं सावकाश ऐका: संभाजी, खेळोजी, मंबाजी, नागोजी, परसोजी, त्र्यंबकजी. यात एक तरी नाव कर्कश आहे का? संभाजीत शंभू आहे, नागोजीत नागोबा आहे, परसोजीत परशुराम, त्र्यंबकजीत त्र्यंबकेश्वर. थोडं पलीकडे बघा. खंडोजी आणि मल्हारजी जेजुरीच्या खंडोबाचे, बहिर्जी भैरोबाचे. आधी देवाचं घरगुती रूप घ्यायचं, आणि त्याच्या शेवटी 'जी' लावायचा. साचा एकच, पण त्यातून शेकडो नावं निघाली. तानाजी, येसाजी, सूर्याजी, हिरोजी, संताजी, धनाजी. सगळी मऊ. आईनं अंगणातून हाक मारावी अशी. धनाजी जाधवांच्या नावानं मोगलांचे घोडे पाणी पीत नव्हते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती दहशत अक्षरांत होती का? ती माणसाच्या करणीत होती. अक्षरं बिचारी साधीच होती.

खेळासाठी नावं करणाऱ्यांनी इथे थांबून एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपण जी लढाऊ जमात कल्पितो आहोत, तिचे देव कोणते? ग्रामदेव कोणता, कुलदेव कोणता, नवस कोणाला बोलतात? देव ठरले नसतील तर नावं ठरणार नाहीत. इंग्रजीत टॉल्किन नावाच्या लेखकाचं 'द हॉबिट' १९३७ साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या बुटक्या लढवय्यांची बरीचशी नावं त्यानं 'व्होलुस्पा' नावाच्या जुन्या नॉर्स काव्यातून उचलली. ती नावं आज जगभर मुलांच्या तोंडी आहेत, कारण त्यांच्यामागे एका समाजाचं पुराण उभं आहे. त्यानं आपल्या उत्तरेकडच्या परंपरेत हात घातला. आपण आपल्या परंपरेत घालायला कोणाची परवानगी हवी आहे?

दुसरा मुद्दा गावाचा.

नीरेच्या काठी होळ नावाचं गाव. तिथल्या एका धनगराच्या मुलाला घरच्यांनी मल्हार म्हटलं. मोठेपणी तो मल्हारराव होळकर झाला. हे नाव सुटं करून पाहा. मल्हार हा देव, राव हा मान, होळकर हे गाव. देव, मान, गाव. तीन शब्दांत माणसाचा पूर्ण पत्ता. पुढे त्यांनी इंदूरला राज्य केलं, माळव्यात चौथाई वसूल केली, उत्तरेत दबदबा बसवला, तरी नावाचा शेवट नीरेकाठच्या एका लहान गावावरच होत राहिला. मुलाचं नाव खंडेराव ठेवलं. म्हणजे पुन्हा तोच देव.

गाव नावात येतं तेव्हा जुनं आडनाव मागे पडतं. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावावरून निंबाळकर झाले. जतचे डफळे मूळचे चव्हाण. डफळापूरवरून डफळे झाले. विंचूरकरांचं मूळ आडनाव दाणी. विठ्ठल शिवदेवांना विंचूरची जहागीर मिळाली आणि दाणी हे नाव दप्तरात राहिलं. याच विठ्ठल शिवदेवांच्या घराण्यानं आपल्या इंदापूर तालुक्यात, नीरा-भीमेच्या संगमावर, नरसिंहपूरच्या देवळाचं मोठं काम केलं. योद्ध्याला नवं गाव मिळालं की त्याला नवा जन्म मिळतो, अशी त्या काळाची समजूत दिसते.

पण ही वाहतूक एकतर्फी नव्हती, हे विसरू नका. माणसानं गावाचं नाव घेतलं तसं गावानंही माणसाचं घेतलं. बारामती तालुक्यात लोणी भापकर आहे, वडगाव निंबाळकर आहे, काटेवाडी आहे. महाराष्ट्रात लोण्या आणि वडगावं शेकड्यांनी. कुठलं लोणी? भापकरांचं. कुठलं वडगाव? निंबाळकरांचं. घराण्याचं नाव गावाला ओळख देतं, गावाचं नाव घराण्याला. खेळातला नकाशा काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. नकाशा आणि पात्रांची यादी वेगवेगळ्या वह्यांत लिहिली तर दोन्ही खोट्या वाटतात.

आणि आपण हे विसरलो आहोत असंही नाही. सणसरला सहकारी साखर कारखाना निघाला, त्याला नाव दिलं श्री छत्रपती, आणि वसाहतीला म्हटलं भवानीनगर. शेजारी वालचंद हिराचंद यांनी माळरानावर कारखाना उभा केला, ते झालं वालचंदनगर. उसाचं गाळप असो की यंत्रांची बांधणी, नावं ठेवण्याची रीत तीच जुनी सरंजामी. हसू नका, यात वाईट काही नाही. ज्याचं देणं लागतो त्याचं नाव द्यायचं, एवढंच.

तिसरा मुद्दा मानाचा, म्हणजे किताबांचा. इथे जरा वेळ घेणार आहे, कारण खेळवाल्यांची खरी गफलत इथेच होते.

सुप्याचं ठाणं काही काळ संभाजी मोहित्यांकडे होतं. हे शिवाजीमहाराजांचे सावत्र मामा. महाराजांनी ते ठाणं त्यांच्याकडून घेतलं. पण मोहिते घराणं तिथे संपलं नाही. त्याच घराण्यातले हंसाजी मोहिते पुढे स्वराज्याचे सरनोबत झाले आणि महाराजांनी त्यांना किताब दिला हंबीरराव. त्यांच्या आधीचे सरनोबत कुडतोजी गूजर. त्यांना किताब मिळाला प्रतापराव, आणि ते २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला पडले. हंसाजीचा हंबीरराव. कुडतोजीचा प्रतापराव. ऐकलंत? पाळण्यातलं नाव मऊ, रणातलं नाव जड. पहिलं आईच्या तोंडचं, दुसरं भर दरबारात चोपदारानं पुकारायचं. झुंजारराव, सर्जेराव, हिंमतबहाद्दर, हिंदुराव या सगळ्यांत घोष आहे, जोर आहे, छाती पुढे काढलेली आहे.

खेळातली पोरं दरबारातलं नाव थेट पाळण्यात ठेवतात. तिथेच सगळं बिघडतं. जन्मतःच जो झुंजारराव आहे, त्याला झुंजून मिळवायला काय उरलं? पात्राला आधी साधं नाव द्या. त्याच्या हातून काही घडू द्या. मग किताब द्या. तो मिळण्याचा प्रसंग म्हणजेच अर्धी गोष्ट.

किताबांचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. काही किताब माणसाचे नसतात, खुर्चीचे असतात. जावळीच्या गादीवर जो मोरे बसेल तो चंद्रराव. एक चंद्रराव गेला की दुसरा चंद्रराव. शत्रूला वाटावं, हा मरतच नाही. आणि काही किताब तंगीतून निघतात. राजाराममहाराज जिंजीकडे होते तेव्हा खजिना रिकामा होता, पण माणसं तर टिकवायची होती. त्या काळात संताजी घोरपडे ममलकतमदार झाले, त्यांचे भाऊ बहिर्जी हिंदुराव झाले, दुसरे भाऊ मालोजी अमीर-उल-उमराव झाले, रामचंद्रपंत अमात्य हुकूमतपनाह झाले. रोख देता येत नाही तिथे नाव द्यावं लागतं, आणि ते असं द्यावं लागतं की घेणाऱ्याची पुढची सात पिढ्यांची भूक भागावी. अर्धे किताब फारसी, अर्धे देशी. लढणाऱ्या समाजाची भाषा कधीच सोवळी नसते.

नाव मिळतं तसं लादलंही जातं. मलिक अंबर हा हबशी. त्याचं बालपणीचं नाव चापू. गुलाम म्हणून विकला गेला आणि मालकानं त्याला अंबर म्हटलं. त्याच नावानं त्यानं निजामशाही चालवली. मालक विस्मरणात गेले, अंबर राहिला. दुसरीकडे नेताजी पालकर. लोक ज्यांना प्रतिशिवाजी म्हणत, त्यांना औरंगजेबानं धर्म बदलायला लावून मुहम्मद कुली खान केलं. काही वर्षांनी ते परत आले आणि पुन्हा नेताजी झाले. एका माणसाची तीन नावं, आणि प्रत्येक नावाआड एक साम्राज्य उभं. याहून मोठं नाटक कुठल्या खेळाच्या नियमपुस्तकात आहे?

बायकांच्या बाबतीत मात्र हा दरबार कंजूष होता. मालोजींच्या पत्नी फलटणच्या निंबाळकरांच्या. त्यांचं नाव कुठे दीपाबाई येतं, कुठे उमाबाई. हंबीररावांची कन्या ताराबाई. १७०० ते १७०७ अशी सात वर्षं तिनं औरंगजेबाशी झुंज चालवली. वडिलांना किताब मिळाला, नवऱ्यानं, म्हणजे राजाराममहाराजांनी, सरदारांना किताब वाटले, हिला 'राणी' म्हटलं ते लोकांनी. ताराराणी. खेळात लढवय्या स्त्रीचं नाव ठेवताना नुसता आकार-ईकार जोडून मोकळं होऊ नका. तिला नाव कोणी दिलं आणि कोणी द्यायचं राहिलं, हे आधी ठरवा.

याच मुद्द्याला जोडून परक्या घराच्या ऋणाची गोष्ट. ही तर खास बारामतीची.

कऱ्हेच्या काठचा बाबूजी नाइकांचा वाडा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. हे बाबूजी नाईक मूळचे जोशी. धंदा सावकारीचा, पेशव्यांना कर्ज देण्याइतका मोठा. त्यांचे भाऊ आबाजी यांना बाजीराव पेशव्यांची बहीण भिऊबाई दिली होती. १७४० साली बाजीराव वारले तेव्हा पेशवाई याच बाबूजींना द्यावी म्हणून रघूजी भोसल्यांनी शाहूमहाराजांकडे जोर लावला होता. बाजीरावांची दुसरी बहीण अनुबाई. तिला इचलकरंजीला दिली. तेही घर जोश्यांचंच. पण त्या घरातल्या नारो महादेवांना सेनापती घोरपड्यांनी पोटच्या मुलासारखं वाढवलं, म्हणून त्या ऋणापोटी त्यांनी आडनावच घोरपडे लावलं. आता पाहा, एका पेशव्याच्या दोन बहिणी, दोन्ही जोश्यांच्या घरी दिलेल्या. एक झाली घोरपड्यांची सून, दुसरी नाइकांची. ब्राह्मण घरानं मराठा सेनापतीचं आडनाव अभिमानानं मिरवलं. रक्तानं नावं ठरतात म्हणणाऱ्यांनी इचलकरंजीला एक चक्कर मारून यावं.

आणि हा 'नाईक' तरी कोणाचा? नीरेपलीकडे फलटणचे निंबाळकर, ते नाईक. अलीकडे बारामतीचे जोशी, तेही नाईक. आणि पुरंदरच्या भिवडीचे रामोशी उमाजी, ज्यांना इंग्रजांनी १८३२ साली पुण्यात फाशी दिली, तेही नाईकच. संस्थानिक, सावकार आणि बंडकरी. पाऊलवाटेनं जाता येईल एवढ्या टापूत तीन नाईक, तीन जातींचे, तीन नशिबांचे. एकाच्या दारात हत्ती, एकाच्या दारात ऋणकोंची रांग, एकाच्या मागावर पलटणी. नाव एकच असूनही समाजातली जागा किती निराळी!

आता चौथा मुद्दा, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

'लढाऊ वंश' असं काही असतं का?

खेळांच्या पुस्तकांत इतकी वर्षं 'रेस' हा शब्द होता. अमुक रेस शूर, अमुक रेस धूर्त, अमुक रेस मंद. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकातून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नं तो शब्द काढला आणि 'स्पीशीज' हा शब्द घेतला. शब्द बदलला, चांगलं झालं. पण आपल्याला तो शब्द दुसऱ्या वाटेनं चांगला ओळखीचा आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या लोकांची प्रतवारी लावली. लॉर्ड रॉबर्ट्ससारख्या सेनापतींनी ठरवलं की काही जमाती जन्मतःच लढाऊ आणि बाकीच्या नाहीत. कागदावर यादी झाली आणि त्या यादीनं माणसांची पोटं मारली.

१ जानेवारी १८१८ ला भीमा कोरेगावला कंपनीच्या पलटणीत जे पडले, त्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतल्या अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. हा महार समाजातला नावाचा जुना शेवट. खर्ड्याच्या लढाईतले शिदनाक आठवा. मराठ्याच्या नावाला 'जी' आणि 'राव', ब्राह्मणाच्या नावाला 'पंत', महाराच्या नावाला 'नाक'. नावाच्या शेपटावरून पंगत ठरत होती. तलवार मात्र सगळ्यांच्या हातात सारखीच जड होती. ज्यांची नावं इंग्रजानं स्वतःच्या विजयस्तंभावर कोरली, त्याच समाजाची भरती इंग्रजानंच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली, कारण यादीत ते 'लढाऊ' नव्हते. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. मधल्या काळात त्या लोकांचं शौर्य कुठे गेलं होतं? ते जागेवरच होतं. फक्त यादी बदलत होती.

आणि एक नाव सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ. त्यांच्या वडिलांचं नाव मालोजी. तेही कंपनीच्या फौजेत शिपाई होते. मालोजी! इंदापूरला पडलेल्या सरदाराचं नाव आणि कंपनीच्या एका महार शिपायाचं नाव, एकच. पंगती वेगळ्या राखणाऱ्या समाजालासुद्धा पाळण्यातलं नाव अडवून धरता आलं नाही. लढवय्यांच्या नावांविषयी याहून खरी गोष्ट मला माहीत नाही.

आणि ज्यांना नावच मिळालं नाही, त्यांचं काय? लोणी भापकरला वीरगळ आहेत. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवच्या जुन्या देवळापाशीही दिसतात. दगडावर खाली लढाई कोरलेली, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. ढाल आहे, घोडा आहे, कधी पळवून नेलेल्या गाई आहेत. नाव बहुधा नसतंच. ज्या गावासाठी तो मेला त्या गावाला ते पाठ होतं, म्हणून कोरायची गरज वाटली नाही. पुढे पाठ असणारी माणसं गेली, दगड राहिला. आपल्या भागातल्या लढवय्यांतले बहुसंख्य हे असे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं इतिहासाचं झालं, कल्पनेतल्या नावांचं काय? त्याचाही धडा इथेच मिळतो. मोरोपंत पराडकर पन्हाळ्याचे, पण त्यांचं आयुष्य बारामतीत बाबूजी नाइकांच्या आश्रयानं गेलं. १७९४ साली ते वारले. तोवर त्यांनी अख्खं महाभारत आर्यांत उतरवलं होतं, आणि तेही या गावात बसून. महाभारतातलं विराटपर्व आठवा. शमीच्या झाडाजवळ उत्तर अर्जुनाला म्हणतो, तू अर्जुन असशील तर तुझी दहा नावं सांग. आणि अर्जुन दहाही नावं कारणांसह सांगतो. फल्गुनी नक्षत्रावर जन्मलो म्हणून फाल्गुन. रथाला पांढरे घोडे म्हणून श्वेतवाहन. इंद्रानं मुकुट दिला म्हणून किरीटी. दोन्ही हातांनी गांडीव ओढतो म्हणून सव्यसाची. जिंकल्याशिवाय परतत नाही म्हणून विजय. रणात किळसवाणं कर्म करत नाही म्हणून बीभत्सू. आणि कृष्ण? सावळ्या पोराला बापानं लाडानं म्हटलं म्हणून.

मित्रहो, नावं ठेवण्याचं याहून चांगलं पाठ्यपुस्तक मला दाखवा. एक नाव नक्षत्राचं, एक घोड्यांचं, एक देणगीचं, एक कसबाचं, एक बापाच्या लाडाचं. आणि एक, माझ्या मते सगळ्यात भारी, जे तो करत नाही त्याचं. लढवय्याला त्याच्या संयमावरून नाव द्यायची कल्पना किती खेळांना सुचली आहे? शिवाय कवीच्या दृष्टीनं एक व्यावहारिक सोय पाहा. मात्रा मोजून लिहिणाऱ्या मोरोपंतांसारख्याला नायकाची दहा नावं म्हणजे चैनच. कुठे चार मात्रांचं बसतं, कुठे सहा मात्रांचं. पात्राला जितकी नाती, तितकी नावं.

वेळ होत आला, म्हणून गोळाबेरीज करतो. कल्पनेतल्या लढाऊ जमातीची नावं ठेवायची असतील तर कागदावर आधी अक्षरं जुळवू नका, पाच प्रश्न लिहा. हे लोक नवस कोणाला बोलतात? यांची गावं कोणती, आणि कोणतं गाव कोणाला मिळालं? यांना मान कोण देतं आणि कशाबद्दल देतं? कोणाचं नाव दुसऱ्या कोणी लादलं, आणि कोणी झुगारलं? आणि यांच्यात नाव कोणाला मिळत नाही? पाचव्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहिलंत तर तुमचा खेळ खेळापलीकडे जाईल. आवाजाचं काम सगळ्यात शेवटी. घरातली नावं हलकी ठेवा, दरबारातली जड. मराठीत 'ळ' आहे, 'ण' आहे, 'ढ' आहे. तेवढं सामान पुरतं. थ्राक आणि क्रोग्नारला सुट्टी द्या.

बाकीच्या श्रोत्यांना एक विनंती. ही मुलं नावं शोधत परभाषेतल्या याद्या चाळतात, कारण आपल्या याद्या कोणी केलेल्याच नाहीत. तुमच्या गावातल्या शेतांची, शिवारातल्या म्हसोबांची, ओढ्यांची, पडक्या वाड्यांची आणि वतनदारांची नावं अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. त्यांत अठरापगड जातींची नावं यायला हवीत, नुसती सरदारांची नकोत. कॉलेजच्या मराठी आणि इतिहास विभागांनी हे काम हातात घ्यावं. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपल्या एका गावाची वही करावी आणि त्या वह्या आपल्या ग्रंथालयांत जमा कराव्यात. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीपासून हे सुरू करता येईल.